बाथटब, सिलिकॉन आणि खालच्या घरातला खोकला

परवा एक आई तिच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. गणपतीपासून चौथी खेप. रात्री दोन-तीनच्या सुमारास कोरडा खोकला सुरू होतो, सकाळी नाक चोंदलेलं, शाळेत धावलं की छातीतून शिट्टी वाजते. पहिल्या दोन वेळा मी नेहमीचीच औषधं दिली होती. तिसऱ्या वेळी इनहेलर सुरू केला. बरं वाटायचं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. या वेळी मी औषधाची चिठ्ठी बाजूला ठेवून विचारलं, "मुलगा झोपतो कुठे?" आईने मोबाइल काढून फोटो दाखवला. पलंगाच्या डोक्याशी भिंत, त्या भिंतीपलीकडे त्यांचं बाथरूम. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत परातीएवढा काळा-हिरवट डाग. मधोमध रंगाचे पोपडे सुटलेले.

"वरच्यांना सांगितलं का?"

"तीनदा सांगितलं डॉक्टर. ते म्हणतात, टबच्या कडेने सिलिकॉन मारून घेतलंय, आता आमचा प्रश्न नाही."

वरचे गृहस्थही माझेच पेशंट आहेत. रक्तदाबाचे. त्यामुळे हा लेख मी कुणा अनोळखी खलनायकावर लिहीत नाही. चेंबूरमध्ये दवाखाना चालवणाऱ्या माणसाला वरचा आणि खालचा दोघंही एकाच बाकावर बसलेले दिसतात, आणि दोघंही सज्जन असतात. तरी मला आज भांडायचंच आहे. बाथटबशी, सिलिकॉनच्या नळीशी, आणि "गळती म्हणजे सोसायटीची कटकट, तब्येतीचा प्रश्न नव्हे" या समजुतीशी.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपलं चेंबूर वर वर गेलं. टिळक नगरमधल्या म्हाडाच्या बैठ्या चणीच्या इमारती जाऊन टॉवर आले, बंगले गेले, जुन्या सोसायट्या पुनर्विकासात निघाल्या. चाळीस वर्षं मोरीत पाटावर बसून आंघोळ केलेली माणसं बाविसाव्या मजल्यावर गेली. नमुना फ्लॅट बघायला गेलं की बाथरूममध्ये पांढराशुभ्र टब, काठावर मेणबत्ती आणि गुंडाळलेला टॉवेल. आयुष्यभर बादली-तांब्या केलेल्या माणसाला तो टब बघून काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या घरात टब मीच बसवून घेतला. आईचा विरोध होता. "त्यात चढायचं कसं रे?" एवढंच ती म्हणाली, आणि मी हसलो.

आठ महिन्यांनी ती त्यात चढताना पडली. मनगट मोडलं. खुब्याचं हाड नाही मोडलं, हे आमचं नशीब.

टबात चढणं ही काय क्रिया आहे ते डॉक्टर म्हणून मला आधी सुचायला हवं होतं. टबाचा काठ जमिनीपासून दीड-पावणेदोन फूट उंच. आपल्याकडे तो विटांच्या ओट्यावर बसवतात, म्हणजे कधी कधी त्याहूनही उंच. तो ओलांडायचा तर सगळं वजन एका पायावर घ्यायचं, दुसरा पाय कमरेपर्यंत उचलायचा आणि ओल्या, साबणाच्या, गोलाकार तळावर टेकवायचा. गुडघेदुखी असलेल्या, चष्मा काढून ठेवलेल्या, रक्तदाबाची गोळी घेतलेल्या सत्तर वर्षांच्या बाईकडून आपण हे रोज सकाळी करून घेतो. बाहेर येताना तर आणखी वाईट. गरम पाण्यात बसलं की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. अशा वेळी झटकन उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांत हे जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. वयस्क माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर वर्षभरात साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास सांगतात. जे वाचतात त्यातल्या अनेकांना पुन्हा पूर्वीसारखं चालता येत नाही. टबात बसून आंघोळ करण्याची शेकडो वर्षांची सवय असलेल्या जपानमध्ये आजही दरवर्षी काही हजार वृद्ध घरच्या टबात बुडून मरतात. ज्यांच्या संस्कृतीतच टब आहे त्यांची ही कथा. आपण तर नमुना फ्लॅट बघून आलेलो.

श्रीदेवीचं २०१८ च्या फेब्रुवारीत दुबईत टबात बुडून निधन झालं तेव्हा दोन दिवस आपण त्याची चर्चा केली. वाहिन्यांनी तर त्या दुःखाचा जो तमाशा मांडला तो आठवला तरी लाज वाटते. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला बुडायला समुद्र लागत नाही, एवढी साधी गोष्ट त्या सगळ्या गदारोळात कुणी नीट सांगितली नाही. लहान मुलाला तर वीतभर पाणीही पुरतं. भरलेला टब आणि रांगतं मूल एका घरात असेल तर बाथरूमला बाहेरून उंच कडी हवी.

"पण डॉक्टर, पाठदुखीला गरम पाण्यात बसायला सांगतात ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. पाठीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते. मूळव्याध किंवा फिशरसाठी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायला मी नेहमी सांगतो, पण त्यासाठी प्लास्टिकचा रुंद टब किंवा कमोडवर ठेवायचं भांडं मिळतं, काही शे रुपयांत. त्यासाठी फरशी फोडावी लागत नाही.

आता जरा हिशेब करू. पाच फुटी टबात बसून भिजायचं तर दीडशे लिटर पाणी धरा. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना एका माणसाला दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात; त्यात पिणं, स्वयंपाक, कपडे, भांडी, संडास सगळं आलं. म्हणजे तुमची एक आंघोळ एका माणसाचा दिवस पिऊन वर ढेकर देते. बादलीत हेच काम पंधरा-वीस लिटरमध्ये होतं. शिवाय हे पाणी गरम कशाने करणार? आपल्या बाथरूमात गिझर असतो १५ किंवा २५ लिटरचा. दीडशे लिटर पाणी अंगाला उबदार करायला ६० अंशांचं गरम पाणी पन्नास-पंचावन्न लिटर तरी लागतं. म्हणजे २५ लिटरचा गिझर दोनदा भरून पुन्हा थोडा. दुसऱ्या खेपेचं पाणी तापेपर्यंत अर्धा तास जातो आणि पहिलं निवतं. म्हणूनच चेंबूरच्या बहुतेक टबांमध्ये पहिल्या महिन्यानंतर कुणी बसलेलं नसतं. त्यात बादल्या, धुवायचे कपडे आणि मागच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा असतो.

यावर उपाय म्हणून काही जण झटपट पाणी तापवणारा गॅस गिझर बाथरूमच्या आत लावतात. कृपा करून हे करू नका. बंद बाथरूममध्ये जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि दार उघडण्याआधी पाय गळतात. मुंबईत असे मृत्यू झाले आहेत. गॅस गिझर लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेच्या जागी.

आणि न वापरलेला टबही निरुपद्रवी नसतो. तळाला चार बोटं पाणी साचलं की एडिस डासाला तेच हवं असतं. स्वच्छ, स्थिर पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरे. डेंग्यूच्या मोसमात महापालिकेची माणसं घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचे ट्रे तपासतात, तेव्हा टबाकडे कुणाचं लक्ष जात नाही. उलट टब अगदी कोरडा पडला तर त्याच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं, आणि गटाराचा वास नि झुरळं सरळ वर येतात.

एवढं सगळं टब असलेल्या घराबद्दल झालं. माझं खरं भांडण खालच्या घरापर्यंत जातं.

वरच्या टबातलं पाणी खालच्या छतात उतरतं तेव्हा ते नुसतं दिसायला वाईट नसतं. ओल्या प्लास्टरवर, रंगाच्या पापुद्र्याखाली, कपाटाच्या मागे बुरशी धरते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यातला निष्कर्ष सरळ आहे: ओल्या, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढण्याचा धोका जास्त असतो. लहान मुलं, दमेकरी, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना तो विशेष. काही दमेकऱ्यांमध्ये ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची तीव्र ॲलर्जी फुफ्फुसात होते, आणि मग साध्या इनहेलरने भागत नाही. चेंबूरच्या हवेबद्दल आपण सगळे बोलतो, माहुलच्या बाजूच्या कारखान्यांबद्दल बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण मूल रात्रीचे दहा तास ज्या खोलीत श्वास घेतं त्या खोलीचं छत आपल्या हातात आहे.

अशा डागावर पुट्टी मारून महागडा 'डॅम्पप्रूफ' रंग लावणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. आतली ओल तशीच. दोन पावसाळ्यांत स्लॅबमधली सळई गंजते, गंजून फुगते, आणि काँक्रीटचा खपला सुटून खाली पडतो. तो कुणाच्या डोक्यावर पडेल हे वरच्या मजल्यावरून दिसत नाही.

आता त्या सिलिकॉनबद्दल. मी गवंडी नाही. पण आईच्या मनगटानंतर टब काढायला लावला तेव्हा चार दिवस मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो, आणि नंतर एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मित्राचं डोकं खाल्लं. टब उचलल्यावर खाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी गोणी, चहाचे कागदी पेले, आणि या सगळ्यावर बोटभर काळा चिखल. टबाखाली लादी नव्हती, ढाळ नव्हता, वॉटरप्रूफिंगचा थर टबाच्या काठाशी येऊन थांबलेला. कंत्राटदाराचा विचार असा की टब आहेच, त्याखाली पाणी जाणार कशाला? आणि वरून सुंदर, सरळ, पांढरी सिलिकॉनची रेघ. आमच्याही खालच्या घरात ओल गेली होती. त्या बाई सहा महिने माझ्याकडे खोकल्याचं औषध घेत होत्या.

सिलिकॉन म्हणजे पॅरासिटामॉल. ताप उतरवतं, न्यूमोनिया बरा करत नाही. टब आणि भिंतीच्या टाइल्समधली फट बुजवण्यापुरतं त्याचं काम. पाणी अडवण्याची खरी जबाबदारी त्याच्या मागच्या आणि खालच्या थरांची. ते थर नसतील तर सिलिकॉन आज ना उद्या सुटणारच, आणि तेव्हा पाणी थेट स्लॅबवर.

तरीही ज्यांच्याकडे टब आहे, किंवा एवढं वाचूनही बसवायचाच आहे, त्यांनी काम नीट करून घ्यावं म्हणून मला कळलं ते सांगतो.

आधी वजन. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, त्यात सत्तर किलोचा माणूस, पंचवीस-तीस किलोचा टब. अडीचशे किलो, जेमतेम एक चौरस मीटर जागेवर. भोवती विटांचा ओटा आणि ग्रॅनाइट असेल तर आणखी शंभर-दीडशे. भारतीय मानकानुसार घरातल्या बाथरूमच्या स्लॅबसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेला असतो. स्लॅब लगेच कोसळेल असं मी म्हणत नाही, रचनेत सुरक्षिततेची वाढीव तरतूद असते. पण तीस-चाळीस वर्षं जुन्या, सळया गंजलेल्या इमारतीत इंजिनिअरला न विचारता टब चढवणं हा खालच्या कुटुंबाच्या डोक्यावर लावलेला जुगार आहे. सोसायटीची लेखी परवानगीही आधी घ्या. आदर्श उपविधींमध्ये फ्लॅटमधल्या फेरबदलांसाठी ती लागतेच.

मग जमीन. टब नाहीच असं समजून संपूर्ण बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करायचं. म्हणजे टबाखालीही. मुंबईतल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात. पाइप स्लॅबमधून जिथे पार जातात तिथली भोकं आधी न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करायची. जमीन नि भिंत मिळतात त्या कोपऱ्याला काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई द्यायची, कारण कोटिंग काटकोनातच तडकतं. मग पॉलिमर सिमेंटचे दोन हात, एक उभा नि एक आडवा, भिंतीवर निदान फूटभर वर, आणि शॉवर असेल त्या भिंतींवर डोक्याच्या वरपर्यंत. नंतर नहाणी ट्रॅप बोळ्याने बंद करून पाणी कोंडून ठेवायचं. किमान एक पूर्ण दिवस, दोन झाले तर उत्तम. आणि त्या काळात खालच्या घरी जाऊन छत बघायचं. ही परीक्षा पास झाल्याशिवाय एकही लादी बसू देऊ नका. मिस्त्री म्हणेल, "साहेब, आमचं काम बघायला लागत नाही." माझे पेशंटही म्हणतात की शुगर तपासायला नको, मला कळतं.

टबाखालच्या जमिनीला नहाणी ट्रॅपकडे ढाळ हवा, म्हणजे कधी पाणी झिरपलंच तर ते साचून न राहता वाहून जाईल. टब पाणसळ लावून समपातळीत, चारही पायांवर भक्कम टेकलेला हवा. हलणाऱ्या टबाचा सांधा टिकत नाही. भिंतीकडच्या बाजूला टबाला उभी ओठासारखी कड असेल तर टाइल्स त्या कडेच्या बाहेरून खाली याव्यात, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी टबातच पडेल. आपल्याकडे सर्रास उलटं करतात: आधी टाइल्स, मग टब त्यांना चिकटवून, मग फटीत व्हाइट सिमेंट. ॲक्रिलिकचा टब पाण्याने नि माणसाच्या वजनाने किंचित दबतो. कडक व्हाइट सिमेंट दबत नाही, तडकतं. म्हणून तिथे लवचीक सिलिकॉनच, तेही बुरशीरोधक सॅनिटरी जातीचं. बाजूला संगमरवर असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगडावर डाग पाडतं.

आणि एक गोष्ट जी दहातले नऊ जण करत नाहीत. सिलिकॉन मारण्याआधी टब पाण्याने भरायचा. भरलेला टब खाली दबतो आणि फट तिच्या कमाल रुंदीला येते. त्या अवस्थेत जागा कोरडी करून, स्पिरिटने पुसून, सिलिकॉन भरायचं आणि ते पुरतं पक्कं होईपर्यंत, निदान एक दिवस, पाणी तसंच ठेवायचं. रिकाम्या टबाच्या कडेने मारलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताणलं जातं आणि काठावरून सुटतं. केसाएवढी फट, दिसतही नाही. पाण्याला मात्र पुरते.

टबाच्या पुढच्या ओट्यात उघडता येणारी झडप ठेवायला सांगा. आतला सायफन, ओव्हरफ्लोचा पाइप, त्यांचे रबरी वायसर, सगळं कधी ना कधी सुटतं. झडप नसेल तर गळती कुठे आहे ते ग्रॅनाइट फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडायचं जिवावर येतं म्हणून लोक वरून पुन्हा सिलिकॉन मारतात. जुन्या काळ्या पडलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. जुनं पूर्ण कापून काढावं लागतं.

गळती शोधणं हे निदानच आहे आणि त्याला क्रम आहे. खालची ओल दिवसरात्र सारखीच असेल, कुणी गावाला गेलं तरी कमी होत नसेल, तर दाबाखाली असलेली पाण्याची लाइन संशयित. आंघोळीनंतर तास-दोन तासांनी वाढत असेल तर निचऱ्याचा पाइप किंवा सांधा. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत. टब संशयित असेल तर बूच लावून थोडं पाणी भरा, त्यात खाण्याचा रंग मिसळा, सोडून द्या आणि खाली वाट बघा. मग दुसऱ्या दिवशी टब काठोकाठ भरून ओव्हरफ्लोमधून रंगीत पाणी जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी फक्त भिंतीवर नि कडेवर शॉवर मारा. एका वेळी एकच चाचणी. सगळं एकदम केलं तर काहीच कळत नाही, हे आमच्याकडे एकाच दिवशी चार डॉक्टर करून आलेल्या पेशंटवरून मी सांगू शकतो.

टाइल्स चमकवायला ॲसिड ओतणाऱ्यांना एक विनंती. ॲसिड टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं, आणि तुमची गळती तिथूनच सुरू होते. बुरशी काढायला ब्लीच वापरत असाल तर हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मोलकरणींना, स्वतः गृहिणींना त्या वायूने धाप लागून दवाखान्यात आलेलं मी पाहिलं आहे. घरात दमेकरी असेल तर ही साफसफाई तो घराबाहेर असताना करा.

"खर्च कुणी करायचा?" यावर सोसायट्यांच्या सभेत वर्षं जातात. आदर्श उपविधींचा आशय स्पष्ट आहे: पावसाची, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीची, फ्लॅटच्या आतल्या कामामुळे होणारी गळती त्या सदस्याची. इमारत नवी असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष कळवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, तारखेसह, फोटोसह. पण तुम्ही स्वतः फरशी फोडून टब घातला असेल तर बिल्डर हात वर करणार, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

सेक्रेटरी मंडळींना मात्र मी स्पष्ट सांगतो. "दोन सदस्यांचा आपसातला मामला" असं लिहून गळतीचा अर्ज फाइलला लावू नका. खालच्या घरात दमेकरी मूल असेल तर आई-वडिलांनी डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं आणि अर्जाला जोडावं. मी असं पत्र देतो. त्याची फी घेत नाही.

तर ते वरचे गृहस्थ. रक्तदाब तपासायला आले तेव्हा मी पट्टा बांधता बांधता विषय काढला. आधी चिडले, पट्ट्यावरचा आकडाही चढला. मग म्हणाले, "अहो, पण मी सिलिकॉन खरंच मारलंय." खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, रविवारी रंग टाकून बघू. रविवारी सकाळी मी, ते आणि खालचे कुटुंब, असे आम्ही जिलेबीचा केशरी रंग घेऊन प्रयोगाला बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. सोमवारी ओव्हरफ्लोची चाचणी केली आणि संध्याकाळी सातच्या सुमारास खालच्या बाईंचा फोटो आला. डागाच्या मधोमध फिकट केशरी ठिपका. कडेचं सिलिकॉन शाबूत होतं. ओव्हरफ्लोच्या पाइपचा रबरी वायसर गेला होता, आणि ओट्याला झडप नव्हती.

ते टब काढताहेत. शुक्रवारी मिस्त्री येतोय. टबाच्या जागी खरबरीत लादी, कमोडजवळ आणि शॉवरखाली भिंतीत नीट बोल्ट केलेले दोन दांडे, आणि बसायला रबरी पायांचं स्टूल, एवढं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. टॉवेल टांगायच्या दांडीला धरून उठायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. ती दांडी माणसाचं वजन घ्यायला बनवलेली नसते.

खालच्या मुलाचा पलंग समोरच्या भिंतीला हलवला आहे. छत पूर्ण सुकायला महिना-दोन महिने लागतील, त्याआधी रंग लावू नका असं सांगितलं आहे. तोपर्यंत इनहेलर सकाळ-संध्याकाळ चालू.